भाग विकावेत की मालमत्ता?
बेळगाव-निपाणी परिसरातील उद्योगविक्रीच्या प्रश्नाचा आढावा

बेळगावच्या उद्यमबागेत ज्यांनी एके काळी एखादी भट्टी आणि दोन-चार लेथ यांच्या बळावर फाउंड्री व यंत्रशाळा उभ्या केल्या, आणि निपाणीच्या वखारींत ज्यांच्या वाडवडिलांनी तंबाखूचा व्यापार करता करता स्वतःच्या छापाची विडी बाजारात आणली, त्या घराण्यांतील दुसरी-तिसरी पिढी आता अशा टप्प्यावर येऊन ठेपली आहे, की धंदा आपणच चालवावा, की योग्य किंमत येत असताना तो दुसऱ्याच्या हवाली करावा, याचा निर्णय तिला घ्यावाच लागतो. विकण्याचे ठरले, तर लगोलग दुसरा प्रश्न पुढे येतो आणि तो पहिल्याहून अधिक गुंतागुंतीचा असतो: विकायचे ते नेमके काय? कंपनीचे भाग, म्हणजे शेअर, विकायचे, की कंपनी आपल्याकडे ठेवून तिची जमीन, यंत्रसामग्री, मालसाठा, छाप आणि नावलौकिक विकायचा?

बाहेरून पाहणाऱ्याला दोहोंचा परिणाम सारखाच दिसतो, कारण दोन्ही प्रकारांत पैसा एका हातातून दुसऱ्या हातात जातो आणि कारखान्यात नवा धनी बसतो. कायद्याच्या दप्तरी मात्र हे दोन व्यवहार मुळापासून भिन्न आहेत. कर कोणी भरावा, जुने कर्ज कोणाच्या अंगावर राहावे, परवाने कोणाच्या नावे चालावेत आणि वीस वर्षे राबलेल्या कामगाराची सेवा कोणी मान्य करावी, या सर्वांची उत्तरे या एका निवडीवर अवलंबून असतात. गेल्या सत्तर वर्षांत न्यायालये, संसद आणि व्यवहार घडवून आणणारे वकील व हिशेबतपासनीस यांच्यामध्ये या विषयावर जी चर्चा झाली, तिचा मागोवा सीमाभागाच्या संदर्भात घ्यावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कंपनी निराळी, भागधारक निराळा

कंपनी ही तिच्या भागधारकांहून पृथक् अशी कायदेशीर व्यक्ती आहे, हे तत्त्व इंग्लंडमधील १८९६ च्या सालोमन खटल्यापासून सर्वमान्य झाले आहे. परंतु आपल्याकडे त्याचे अत्यंत स्वच्छ विवेचन सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये बाचा गझदर यांच्या प्रकरणात केले. चहाच्या मळ्यांच्या कंपन्यांचे भाग धारण करणाऱ्या या बाईंचे म्हणणे असे होते, की कंपनीच्या उत्पन्नापैकी ६० टक्के हिस्सा जर शेतीचे उत्पन्न म्हणून करमुक्त धरला जातो, तर त्यातून आपल्याला मिळालेला लाभांशही त्याच प्रमाणात शेतीचे उत्पन्न मानला जावा. न्यायालयाने हे नाकारले. भागधारकाला नफा जाहीर झाल्यास त्यात वाटा मिळतो आणि कंपनीचे विसर्जन झाल्यास देणी भागवून जे उरेल त्यात हिस्सा मिळतो; कंपनी चालू असेतोवर तिच्या मालमत्तेवर त्याचा कोणताही मालकी हक्क नसतो, असा तो निवाडा होता.

या तत्त्वाचा व्यावहारिक अर्थ असा, की कंपनीचे शंभर टक्के भाग विकणाऱ्याने कायद्याच्या दृष्टीने एक इंचही जमीन विकलेली नसते. आपल्याकडच्या घरगुती कंपन्यांत नेमका येथेच घोळ होतो, कारण कारखान्याचा भूखंड वडिलांच्या किंवा अविभक्त कुटुंबाच्या नावे, शेड कंपनीच्या नावे आणि यंत्रे एखाद्या जुन्या भागीदारी पेढीच्या नावे, अशी विभागणी पुष्कळ ठिकाणी आढळते. अशा स्थितीत सर्व भाग हस्तांतरित होऊनही खरेदीदाराच्या पदरी जमीन पडत नाही आणि तिच्यासाठी निराळे खरेदीखत किंवा भाडेकरार करावा लागतो.

भागविक्री: धनी बदलतो, बाकी तसेच राहते

या भागात भागविक्रीचा सर्वांत ठळक दाखला म्हणजे यमनापूरचा ॲल्युमिना कारखाना होय. तो चालवणाऱ्या, १९३८ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन ॲल्युमिनियम, अर्थात इंडाल, कंपनीचे नियंत्रण कॅनडाच्या अल्कन कंपनीकडे होते. १९९८ मध्ये स्टरलाइटने इंडालचे भाग खुल्या प्रस्तावाद्वारे विकत घेऊन ती ताब्यात घेण्याचा प्रयत्न केला, तो फसला. आणि २००० साली अल्कनने आपला सुमारे ५४.६ टक्के हिस्सा हिंदाल्कोला विकला. या सर्व उलाढालीत बेळगावातील कारखान्याच्या जमिनीचे खरेदीखत झाले नाही, फेरफार नोंदवावा लागला नाही, कामगारांच्या नेमणूकपत्रांवरील मालकाचे नाव बदलले नाही. पुढे काही वर्षांनी न्यायालयाच्या मंजुरीने झालेल्या योजनेद्वारे, कोल्लूरचा फॉइल कारखाना वगळून, इंडालचा व्यवसाय हिंदाल्कोत विलीन करण्यात आला, म्हणजे भागांच्या मागोमाग प्रत्यक्ष उपक्रमही गेला. पण ती पायरी स्वतंत्र होती आणि तिला स्वतंत्र कायदेशीर मार्ग अनुसरावा लागला.

भागविक्रीच्या बाजूने बोलणारे लोक याच सुलभतेवर भर देतात आणि तो भर अनाठायी नाही. उद्यमबागेतील एखादी मध्यम आकाराची फाउंड्री डोळ्यांपुढे आणावी. तिच्याकडे हेस्कॉमची उच्चदाब वीजजोडणी असते, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती असते, कारखाना परवाना असतो, आणि या सर्वांहून मोलाची अशी एखाद्या मोठ्या वाहन किंवा पंप कंपनीची पुरवठादार म्हणून मिळालेली मान्यता असते, जी नमुन्याचे कास्टिंग वारंवार तपासून घेतल्यावरच पदरात पडते. भाग विकले तर यांतील बहुतेक गोष्टी जागच्या जागी राहतात, कारण ज्या कंपनीला त्या मिळाल्या ती कंपनी तीच असते.

अडचण अशी, की जे चांगले ते जसे राहते तसेच जे वाईट तेही राहते. दहा वर्षांपूर्वीची विक्रीकराची नोटीस, भविष्यनिर्वाह निधीची थकबाकी, संचालकाने कंपनीच्या नावे दुसऱ्याला दिलेली जामीनकी, हिशेबात न आलेली उसनवारी, हे सर्व कंपनीच्या माथी असते आणि परिणामी नव्या धन्याच्या खिशावर पडते. श्री रेणुका शुगर्स या बेळगावातून उभ्या राहिलेल्या कंपनीने २०१० मध्ये ब्राझीलमधील दोन साखर-इथेनॉल उद्योगांची भागमालकी मिळवली. त्या कंपन्यांवरील कर्जाचा भार त्यांच्याबरोबरच आला, आणि २०१५ मध्ये तेथील उपकंपनीला न्यायालयीन संरक्षण मागावे लागले. त्यामागे साखरेच्या घसरलेल्या भावासारखी अनेक कारणे होती, तेव्हा केवळ व्यवहाराच्या स्वरूपाला दोष देणे योग्य होणार नाही. तथापि, भाग घेताना कर्ज मागे ठेवता येत नाही, एवढे त्यावरून दिसते.

म्हणूनच सावध खरेदीदार विक्रेत्याकडून तपशीलवार हमीपत्र लिहून घेतो आणि किमतीचा काही भाग दोन-तीन वर्षे राखून ठेवतो. विक्रेत्याच्या बाजूचे लोक यावर रास्त आक्षेप घेतात, की धंदा सोडल्यावरही जर मान अडकलेलीच राहायची, तर भागविक्रीने मिळणारी ‘कायमची सुटका’ कागदावरच राहते.

मालमत्ताविक्री: वेचून घेण्याचा हक्क आणि त्याची किंमत

रेणुका शुगर्सचाच आरंभ दुसऱ्या प्रकारचा दाखला म्हणून पाहण्यासारखा आहे. १९९८ च्या सुमारास या कंपनीने आंध्र प्रदेशातील हिंदुपूर येथील निजाम शुगर्सच्या कारखान्याची मालमत्ता विकत घेतली, यंत्रसामग्री सुटी करून सौंदत्ती तालुक्यातील मुनोळी येथे आणली आणि परिसरातील ऊस उत्पादकांना भागधारक करून घेऊन तेथे कारखाना उभारला. येथे खरेदीदाराला हवे होते ते गाळपाचे यंत्र. त्यामागची कंपनी, तिची देणी किंवा तिचे जुने वाद यांच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. त्याच कंपनीत २०१४ मध्ये सिंगापूरच्या विल्मारने भागांच्या वाटेने प्रवेश केला आणि २०१८ मध्ये ती बहुमताची धनी झाली. एकाच उद्योगाच्या इतिहासात दोन्ही मार्ग असे लागोपाठ आलेले दिसतात.

वेचून घेण्याच्या या हक्काची किंमत मात्र प्रत्येक वस्तूगणिक मोजावी लागते. वर कल्पिलेल्या फाउंड्रीची मालमत्ता विकायची म्हटल्यास भट्टी, वाळू मिसळण्याचे यंत्र, ग्राइंडर यांची यादी सहज करता येते. पण मांडणीवर ठेवलेल्या पॅटर्नपैकी अनेक पॅटर्न ग्राहक कंपन्यांनी स्वखर्चाने करून दिलेले, म्हणजे त्यांच्याच मालकीचे असतात, आणि ते यादीत घातले तर विक्रेता जे आपले नाही ते विकल्याच्या दोषास पात्र होतो. भूखंड औद्योगिक विकास मंडळाचा असेल तर मंडळाची संमती हवी, बँकेचे तारण असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला हवा. शिवाय संपूर्ण उपक्रम विकायचा तर २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १८० प्रमाणे विशेष ठराव लागतो. १९५६ च्या कायद्यात साधा ठराव पुरत असे. खाजगी कंपन्यांना २०१५ मध्ये या कलमातून सूट देण्यात आली, आणि ती सूट आपल्याकडील बहुसंख्य घरगुती कंपन्यांना लागू पडते.

जमिनीच्या कागदांच्या बाबतीत सीमाभागाची म्हणून एक खास अडचण आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात असल्यामुळे त्यापूर्वीची खरेदीखते, वाटणीपत्रे व कबुलायती मराठीत, काही तर मोडीत आहेत. त्यानंतरचे उतारे आणि फेरफार कन्नडमध्ये आहेत. मालमत्ता विकत घेणाऱ्याच्या वकिलाला हा सर्व दस्तऐवज मुळापासून वाचावा लागतो. भाग घेणाऱ्यालाही तो वाचणे शहाणपणाचेच. पण पुष्कळदा तो वाचत नाही, असा व्यवहारातील अनुभव आहे.

कराचा पक्ष

दोन मार्गांतील निवड पुष्कळदा करसल्लागाराच्या खोलीतच ठरते, हे नाकारण्यात अर्थ नाही. भाग विकणारा नफ्यावर एकदाच कर भरतो. दीर्घकाळ धारण केलेल्या भागांवर जुलै २०२४ नंतर तो १२.५ टक्के आहे. मालमत्ता विकली तर प्रथम कंपनी कर भरते, आणि घसारा घेतलेल्या यंत्रांवरचा नफा ती कितीही जुनी असली तरी अल्पकालीनच धरला जातो. मग तो पैसा लाभांशरूपाने घरी न्यावा तर त्यावर पुन्हा कर लागतो. खरेदीदाराचे हित नेमके उलट असते, कारण मालमत्तेसाठी मोजलेल्या किमतीवर त्याला नव्याने घसारा मिळतो. भाग घेतल्यास कंपनीच्या वहीतील जुनीच किंमत पुढे चालते, आणि मोजक्या भागधारकांच्या कंपनीत भागमालकी बहुतांशी बदलली तर मागील तोटे पुढे ओढण्याचा हक्कही साधारणतः जातो.

मुद्रांक शुल्कातील तफावत तर डोळ्यांत भरण्यासारखी आहे. १ जुलै २०२० पासून भागांच्या हस्तांतरणावर देशभर ०.०१५ टक्के असा एकच दर आहे, म्हणजे दहा कोटींच्या भागांवर पंधरा हजार रुपये. तेवढ्याच किमतीची जमीन खरेदीखताने घेतली तर कर्नाटकात ५ टक्क्यांच्या मूळ दराने पन्नास लाख, आणि वर अधिभार व नोंदणी फी. त्यामुळे निपाणीतील आणि पलीकडे कागलच्या औद्योगिक वसाहतीतील कारखाना यांत भागविक्रीपुरता राज्याच्या हद्दीने काही फरक पडत नाही. जमीन विकताना मात्र दोन राज्यांचे दोन कायदे उभे राहतात.

या दोहोंच्या मधली एक वाट आहे: वस्तूगणिक किंमत न ठरवता चालता धंदा देण्याघेण्यासह एकरकमी विकणे, ज्याला करसल्लागार ‘स्लंप सेल’ म्हणतात. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने या प्रकारच्या दोन प्रकरणांत परस्परविरुद्ध वाटणारे निकाल दिले. आर्टेक्स मॅन्युफॅक्चरिंगच्या प्रकरणात एकरकमी किमतीच्या मागे मूल्यनिर्धारकाने यंत्रांची किंमत निराळी काढलेली होती म्हणून कर लागला. इलेक्ट्रिक कंट्रोल गिअरच्या प्रकरणात तशी फोड नव्हती म्हणून तो लागला नाही. एका अहवालातील दोन ओळींवर एवढे अवलंबून असावे हे समाधानकारक नव्हते, आणि १९९९ च्या वित्त कायद्याने ५०-ब हे कलम घालून हा प्रश्न मिटवला. चालता धंदा असा समग्र विकला तर वस्तू व सेवा कराचाही भार पडत नाही. यंत्रे सुटी विकली तर पडतो.

नावलौकिकाचा इतिहास असाच वळणे घेत गेला. बंगळूरच्या एका अगरबत्ती उत्पादक पेढीच्या प्रकरणात, ज्याला श्रीनिवास शेट्टी खटला म्हणतात, १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले, की स्वकष्टाने निर्माण झालेल्या नावलौकिकाला खरेदीची किंमतच नसल्यामुळे त्याच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर बसू शकत नाही. संसदेने १९८७ मध्ये ती किंमत शून्य धरून कर बसवला. खरेदीदाराला नावलौकिकावर घसारा घेण्यास न्यायालयाने २०१२ मध्ये मुभा दिली, ती २०२१ मध्ये संसदेने काढून घेतली.

कामगारांचा प्रश्न आणि बार्शी लाइट रेल्वे

या चर्चेतील माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे प्रकरण मात्र कराचे नसून कामगारांचे आहे आणि ते महाराष्ट्रातील आहे. कुर्डुवाडीच्या दोहो बाजूंना लातूर आणि पंढरपूर-मिरजेपर्यंत अरुंद मार्गावर चालणारी बार्शी लाइट रेल्वे ही इंग्लंडात नोंदलेल्या कंपनीच्या मालकीची होती. १८९५ च्या करारातील हक्क वापरून भारत सरकारने १ जानेवारी १९५४ पासून ती विकत घेतली. सरकारने कंपनीचे भाग घेतले नाहीत, रेल्वे घेतली. त्यामुळे कंपनीशी असलेली कामगारांची नोकरी संपली, आणि बहुतेकांना सरकारने पुन्हा कामावर घेतले असले तरी कंपनीने कपातीची भरपाई द्यावी, अशी मागणी त्यांनी केली. सर्वोच्च न्यायालयाने २७ नोव्हेंबर १९५६ रोजी निकाल दिला, की धंदाच हस्तांतरित वा बंद होणे म्हणजे ‘कपात’ नव्हे. भरपाई देय नाही.

या निकालाची दखल सरकारने तत्काळ घेतली. औद्योगिक विवाद कायद्यात २५-एफएफ हे कलम नव्या स्वरूपात आले आणि त्याचा अंमल निकालाच्या दुसऱ्याच दिवसापासून, २८ नोव्हेंबर १९५६ पासून, धरण्यात आला. उपक्रम हस्तांतरित झाला तर कामगाराला कपात झाल्याप्रमाणे भरपाई मिळावी. मात्र त्याची सेवा खंडित झाली नसेल, अटी पूर्वीपेक्षा कमी झाल्या नसतील, आणि पुढे कपात झाल्यास जुनी सेवा धरून भरपाई देण्याची जबाबदारी नव्या मालकाने पत्करली असेल तर नको, अशी ती व्यवस्था होती. अनकापल्लेचा साखर कारखाना ऊस उत्पादकांच्या सहकारी संस्थेने विकत घेतला त्या प्रकरणात न्यायालयाने पुढे स्पष्ट केले, की या भरपाईपलीकडे नव्या मालकाने कामावर घेतलेच पाहिजे असा हक्क कामगाराला नाही. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही हेच तत्त्व कायम आहे.

भागविक्रीत यांतील काहीच लागू होत नाही, कारण मालक म्हणजे कंपनी, आणि ती बदललेली नसते. कामगार संघटनांची तक्रार अशी, की प्रत्यक्षात सर्व धोरण बदलते आणि कामगाराला त्याची साधी सूचनाही मिळत नाही. उद्योजकांचे उत्तर असे, की सेवा अखंड राहिल्याने कामगाराचे नुकसान होत नाही, उलट मालमत्ताविक्रीतच त्याच्या पोटावर पाय येण्याचा धोका अधिक. दोन्ही म्हणणी आपापल्या जागी खरी आहेत. मालमत्ता घेणारा पूर्णपणे मोकळा सुटतो हा समज मात्र आता टिकणारा नाही: भविष्यनिर्वाह निधीच्या कायद्याचे १७-ब कलम आणि वस्तू व सेवा कर कायद्याचे ८५ वे कलम यांनी जुन्या थकबाकीसाठी नव्या मालकालाही संयुक्तपणे जबाबदार धरले आहे. या एका बाबतीत दोन्ही मार्गांमधील अंतर कायद्याने हळूहळू कमी केले आहे.

निपाणीची गोष्ट निराळी

१९८१ च्या तंबाखू उत्पादकांच्या आंदोलनाने निपाणीचे नाव देशभर पोहोचले. तेथील विडी उद्योगाची घडण मात्र त्या चर्चेत क्वचितच आली. येथील अनेक पेढ्या भागीदारीच्या आहेत, म्हणजे विकायला भागच नाहीत. कारखाना म्हणावा तर वखार, वर्गवारीची जागा आणि कचेरी एवढाच. विडी वळली जाते ती बायकांच्या घरी, सुपात, ठेकेदाराने तोलून दिलेल्या पानतंबाखूतून. अशा धंद्यात मोलाचे काय, याचे उत्तर मंगळूर गणेश बीडी वर्क्स या पेढीच्या प्रकरणाने दिले. भागीदारांतील वादामुळे पेढीचे विसर्जन झाल्यावर चालता धंदा भागीदारांतच लिलावाला काढण्यात आला, आणि १९९४ मध्ये त्यांपैकी तिघांनी मिळून ९२ कोटींची बोली लावून तो घेतला. त्या रकमेतील फार मोठा हिस्सा छाप, लेबलांवरील हक्क आणि मिश्रणाची विद्या यांचा होता, आणि त्यावरील करसवलतीचा वाद सर्वोच्च न्यायालयात २०१५ मध्ये निकालात निघाला.

१९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याप्रमाणे छाप नावलौकिकासह विकता येतो, तसाच त्यावाचूनही विकता येतो. निपाणीतील पेढीने जर केवळ छाप दूरच्या खरेदीदाराला विकला आणि त्याने विड्या अन्यत्र वळून घेतल्या, तर ‘उपक्रमाचे हस्तांतरण’ झाले असे म्हणावे काय? १९६६ च्या विडी कामगार कायद्याने घरी विड्या वळणारीलाही कामगार मानले होते. पण तिची भरपाई हस्तांतरणाच्या कलमाखाली यावी, उद्योगबंदीच्या कलमाखाली यावी, की ठेकेदाराच्या वहीत नाव नाही म्हणून कोठेच येऊ नये, हे प्रत्येक वेळी नव्याने भांडून ठरवावे लागते.

जे अद्याप सुटलेले नाही

सहकारी साखर कारखान्यांचा प्रश्न याच जातीचा. सभासदाचा भाग दर्शनी किमतीलाच परत होतो आणि एका सभासदाला एकच मत असते, म्हणून भागविक्रीने कारखाना ताब्यात घेणे शक्य नसते. उरतो तो मालमत्तेचा मक्ता किंवा लिलाव. मक्त्याच्या बाजूचे म्हणतात, की बंद गाळपापेक्षा चालते बरे. विरोधकांचे म्हणणे, की सभासदांच्या पिढ्यान् पिढ्यांच्या घामाची किंमत लिलावात उतरत नाही. दिवाळखोरी संहितेने कंपन्यांना, मंजूर योजनेनंतर जुनी देणी पुसली जाण्याची सोय दिली, आणि २०२१ मध्ये घनश्याम मिश्रा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती पक्की केली. सहकारी संस्थांसाठी तशी सर्वसमावेशक व्यवस्था नाही.

घरगुती कंपन्यांतील वारसांचा प्रश्नही कायम आहे. नामनिर्देशित व्यक्ती ही भागांची अंतिम मालक नव्हे, तो हक्क वारसांचा, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये सांगितले. तेव्हा शंभर टक्के भाग विकायचे तर प्रत्येक वारसाची, सासरी गेलेल्या बहिणीचीही, सही हवी. मालमत्ताविक्रीत मात्र बहुमताने तिच्यावाचून पुढे जाता येते. ही सोय की अन्याय, यावर एकमत नाही. भागधारकांच्या आपसातील करारात विक्रीवर घातलेली बंधने कंपनीच्या नियमावलीत नसतील तर ती खाजगी कंपनीवर बंधनकारक नाहीत, हा रंगराज प्रकरणाचा १९९१ चा निकाल अजूनही पुष्कळ कुटुंबांच्या गावी नसतो. आणि भागमालकी बहुतांशी बदलली तर भूखंडच हस्तांतरित झाला असे मानून औद्योगिक मंडळाने रक्कम मागावी काय, हा वाद तर बाचा गझदर प्रकरणातील मूळ तत्त्वालाच भिडतो.

या सर्व प्रश्नांत विक्रेता आणि खरेदीदार यांच्या बाजूला सल्लागार बसलेले असतात. सूप मांडीवर घेऊन बसलेल्या बाईच्या बाजूला कोणी नसते. म्हणून बेळगाव-निपाणीत असे करारमदार लिहिणाऱ्या वकील मंडळींना एकच विनंती करावीशी वाटते: भाग विकले जावोत, छाप विकला जावो की वखार, प्रत्येक कामगाराचे नाव, सेवेला लागल्याचे वर्ष आणि भविष्यनिर्वाह निधीचा खातेक्रमांक यांची यादी त्या दस्ताला परिशिष्ट म्हणून जोडावी, आणि ठेकेदाराच्या वहीतील नावेही तीत घ्यावीत.